नेमसिंग ड्रायव्हरची ट्रायल

नेमसिंग राठोड दुकानाच्या पायऱ्या चढून आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर खताचं पोतं होतं आणि पोत्यात काहीतरी गोल, जड वस्तू होती. अश्वजितनं प्रिंटरमधून मान वर न काढताच सांगून टाकलं, "काका, वेल्डिंगवाला मांगच्या गल्लीत हाय."

त्याचंही काही चुकलं नव्हतं. पांढरकवड्याच्या बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान टाकून त्याला सहा वर्षं झाली होती, तरी लोक वाट्टेल ते घेऊन येत. कोणी बंद पडलेला इन्व्हर्टर, कोणी पंख्याचा रेग्युलेटर. एक बाई तर डोक्यावर शिलाई मशीन घेऊन आल्या होत्या. तुम्ही मशीनवालेच ना, म्हणाल्या.

"वेल्डिंग नाही कराचं, बेटा," नेमसिंग म्हणाले. त्यांनी पोतं काउंटरवर अलगद ठेवलं, आतून एक स्टिअरिंग काढलं, मग तीन पेडलांची पाटी काढली आणि वायरींचा गुंता न होऊ देता सगळं ओळीनं मांडलं. "हे नवं हाय. याच्या मांगचा कॉम्प्युटर जुना हाय. गाडी चालतानी अटकते. मले नवी मशीन बनवून दे. अशी चालली पायजे का हातातला चहा हलला नाही पायजे."

"नातवाले पायजे काय?"

"नातू दीड वर्षाचा हाय. मलेच पायजे."

तेव्हा कुठं अश्वजितनं नीट वर पाहिलं. साठी ओलांडलेला, अंगानं सुकलेला पण खांद्यानं रुंद माणूस. डाव्या पायात मापापेक्षा मोठी पट्ट्याची चप्पल. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवलेले, आणि ते तिथून उचलायची त्यांना काही घाई दिसत नव्हती.

नेमसिंग पाटणबोरीच्या अलीकडच्या एका तांड्यावरचे. चौतीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. नागपूर ते हैदराबाद, तिथून पुढं बेंगळुरू. जाताना रुईच्या गाठी, येताना मिळेल तो माल. "आमचे आजे-पंजे बैलाच्या पाठीवर मीठ वाहत होते," ते हसून सांगत, "म्या ट्रकमधी रुई वाह्यली. धंदा तोच." दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. क्लच दाबायचा पाय. डॉक्टरांनी सांगितलं, आता जड गाडी नाही. नेमसिंगांनी वाद घातला नाही. लायसन कपाटात ठेवलं आणि शेतात जायला लागले, तुरीला पाणी द्यायला लागले. पण तांड्यावरून हायवे दिसतो. चढावर एखादा ट्रक गिअर बदलायला लागला की वावरात उभ्या असलेल्या नेमसिंगांचा डावा पाय आपसूक मातीत दाबला जायचा.

दिवाळीला घरी आलेल्या बादलनं, त्यांच्या मुलानं, ते पाहिलं. तो पुण्याला एका कंपनीत नोकरीला होता. पुढच्या सुट्टीत येताना त्यानं स्टिअरिंग आणि पेडल आणले, कॉलेजात असताना घेतलेल्या आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक खेळ टाकून दिला आणि परत गेला. खेळातले रस्ते परदेशातले, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं हाकायची. नेमसिंगांना त्याची सवय व्हायला एक दिवस लागला. जुन्या कॉम्प्युटरच्या अटकण्याची सवय मात्र महिनाभरात झाली नाही.

नेमसिंग दुकानात येऊन गेले त्याच दिवशी दुपारी बादलचा तिथं फोन आला. त्यानं सगळी तयारी करून ठेवली होती.

"भाऊ, ग्राफिक्स कार्ड सगळ्यात मोठंवालं टाका. सोळा जीबीचं. प्रोसेसर साधा टाकला तरी चालते. खेळाले कार्डच लागते."

अश्वजितला आतून माहीत होतं की हे अर्धंच खरं आहे. नागपुरात चार वर्षं दुसऱ्याच्या दुकानात मशीन जोडताना त्यानं हे पाहिलं होतं. पण गिऱ्हाईक मागते ते द्यावं, हा धडाही त्याला त्याच दुकानात मिळाला होता. गेमिंगच्या मशीन तो वर्षातून तीन-चार बनवायचा. बाकी कॅमेरे, प्रिंटर आणि शाळांचे कॉम्प्युटर. येणाऱ्या पोरांना एकच गोष्ट विचारायची असायची, कार्ड कोणतं. प्रोसेसरचं नावही कोणी काढत नसे.

"जमते," तो म्हणाला.

आठ दिवसांनी नागपूरहून माल आला. डीलरनं एक सवलत दिली होती: खोके नीट ठेवले तर आठवड्याच्या आत बदलून मिळतील. अश्वजितनं मशीन जोडली आणि नेमसिंगांना बोलावलं. ते अकराच्या एसटीनं आले, तेच पोतं खांद्यावर घेऊन.

"ट्रायल मारू द्या," म्हणाले आणि स्टुलावर बसले. बसले म्हणजे नुसते बसले नाहीत. आधी स्टूल पुढं घेतलं, मग मागं. पेडलांची पाटी बोटभर उजवीकडं सरकवली. स्क्रीनवरचे दोन्ही आरसे सेटिंगमध्ये जाऊन असे वळवायला लावले की ट्रेलरची मागची चाकं दिसली पाहिजेत. अश्वजितच्या दुकानात आजवर कोणी गेम खेळायच्या आधी आरसे लावले नव्हते.

खेळ सुरू झाला. मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना पिवळी शेतं, वर ढग. चित्र इतकं सुरेख की रस्त्यावरच्या ओलाव्यात आभाळ दिसत होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात अश्वजितनं एक आकडा लावून ठेवला होता. सेकंदाला किती चित्रं निघतात तो.

"पाहा काका, नव्वद! तुमच्या जुन्या मशीनवर वीस येत असन."

"चांगली हाय," नेमसिंग म्हणाले. "थांब जरा. गाव येऊ दे."

गाव आलं. चौक, सिग्नल, गाड्यांची गर्दी. नेमसिंगांनी वेग कमी केला, डाव्या आरशात नजर टाकली आणि एकदम म्हणाले, "अटकली."

"कुठं अटकली?"

"आताच. आन पाहा, पुन्हा."

अश्वजित स्क्रीनकडं टक लावून पाहत राहिला. त्याला काही दिसलं नाही. आकडा सत्तर होता. "सत्तर येऊन राह्यले काका. सत्तर म्हणजे मस्तच."

"नंबर मले सांगू नको, बेटा. गाडीच्या काट्यावर साठ असते आन इंजिन मिस मारून राह्यलं असते. काट्याले समजत नाही, बुडाले समजते." त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर देऊन, जसं खऱ्या रस्त्यावर घेतात तसं. "समोर पाहू नको. आरशात पाहा. मांगची लाल कार दिसली? ते सरकत येत नाही. उड्या मारत येते. माणूस ओव्हरटेक देते तवा आरशात पाहूनच देते ना? त्या उडीत कार कुठं गेली ते समजत नाही."

अश्वजितनं आरशात पाहिलं. स्क्रीनच्या कोपऱ्यातला तळहाताएवढा चौकोन. त्यातली लाल कार पुढं आली, एका क्षणापुरती थबकली आणि दोन हात पुढं उमटली. मग पुन्हा.

त्याला जरा लागलंच. आपण जोडलेल्या, नव्वदचा आकडा दाखवणाऱ्या मशीनमध्ये एक म्हातारा ड्रायव्हर अर्ध्या तासात खोट काढतो म्हणजे काय. "जास्तच बारीक पाहता तुम्ही, काका," तो म्हणाला. "इतलं कोणी पाहत नाही."

"इतलं नाही पाह्यलं असतं," नेमसिंग शांतपणे म्हणाले, "तर चौतीस वर्षांत कोणी ना कोणी माया चाकाखाली आलं असतं. आलं नाही."

नेमसिंग एकच्या एसटीनं परत गेले. जाताना म्हणाले, "उद्या येतो. खराबी कुठं हाय ते काढू."

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा खिशात जुन्या कॅलेंडरचं एक पान घडी करून आणलं होतं. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी घरूनच रेघा मारून आणल्या होत्या. "गाडी मिस मारते तवा मिस्त्री काय करते?" त्यांनी अश्वजितला विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता सांगायला लागले. "खाली गाडी चालवून पाहते, मंग भरून पाहते. चढावर पाहते, उतारावर पाहते. ठंडीत पाहते, गरम झाल्यावर पाहते. एका वक्ताले एकच गोष्ट बदलाची. दोन बदलल्या का डोकं फिरते."

आणि त्यांनी तसंच केलं. एकच रस्ता घेतला, तोच माल, तीच गाडी. आधी रिकामा हायवे. अटकली नाही. मग त्याच हायवेवर पाऊस लावला. काचेवर पाणी, समोर धुकं. अटकली नाही. मग गाव. अटकली. मग त्याच गावात गाड्यांची गर्दी कमी केली. कमी अटकली. आरसे बंद केले, आणखी कमी. आरसे चालू केले, पुन्हा अटकली. प्रत्येक वेळी ते त्याच वळणावर त्याच गिअरमध्ये यायचे, काटा त्याच आकड्यावर. अश्वजित बाजूला उभा राहून पाहत होता. एकाच चौकातून सहा वेळा जाताना माणसाचा हात एकदाही इकडचा तिकडं होऊ नये, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. कॅलेंडरच्या पानावर फुल्या आणि गोल उमटत गेले.

"आता चित्र खराब कर," नेमसिंग म्हणाले.

"म्हणजे?"

"तुयं ते आभाळात ढग, पाण्यात आभाळ, सगळं काढून टाक. बारकं चित्र लाव."

अश्वजितनं चित्राचा दर्जा खाली आणला. झाडं पुठ्ठ्यासारखी दिसायला लागली. नेमसिंग पुन्हा चौकात आले. आरशातली कार उड्याच मारत होती.

"तेवढीच," नेमसिंगांनी पानावर फुली मारली. "चित्राचा बोजा काढला तरी तेवढीच अटकते. मंग खराबी चित्रात नाही."

अश्वजित पानावरच्या फुल्यांवर वाकला. मशीनमध्ये कोण कमी पडतंय हे ओळखायची पद्धत नेमकी हीच होती. नागपुरात त्याच्या उस्तादानं त्याला शिकवायला दोन महिने घेतले होते. हा माणूस मात्र ट्रकचं बोनेट उघडत उघडत तिथवर येऊन पोचला होता. त्यानं घाईघाईनं एक प्रोग्रॅम लावला. मशीनचा कोणता भाग किती काम करतोय ते दाखवणारा. नेमसिंगांना पुन्हा चौकातून जायला सांगितलं. स्क्रीनच्या बाजूला एक रेघ धावायला लागली, एकेक चित्र निघायला किती वेळ लागतो ते दाखवणारी. हायवेवर सरळ, सपाट. चौकात आल्याबरोबर तिच्यातून उंच उंच काटे निघाले. जिथं जिथं काटा, तिथं तिथं नेमसिंग, स्क्रीनच्या त्या बाजूला न पाहता, म्हणत होते, "आता... आता... हे पाहा, आता."

एकही चुकला नाही.

"काका, थांबा," अश्वजित म्हणाला. त्याचा आवाज जरा बदलला होता. त्यानं दुसरं स्टूल ओढलं आणि शेजारी बसला. "हे पाहा. हे मोठं कार्ड. चौकात हे अर्धंच काम करून राह्यलं. बसून हाय. आन हा प्रोसेसर, याची दमछाक होऊन राह्यली. कार्डाचं काम चित्र काढणं. पण कोणती कार कुठं वळणार, ब्रेक कवा मारणार, आरशात काय काय दाखवाचं, हे सारं प्रोसेसरनं ठरवून द्या लागते. त्यानं दिल्याबिगर कार्ड काही काढू शकत नाही. गर्दी वाढली का प्रोसेसर मांगं पडते आन कार्ड वाट पाहत बसते."

नेमसिंगांनी मान डोलावली. "म्हणजे इंजिन मोठं, आन डिझेल पंप बारका."

"हौ! तेच!"

"मंग तुले हे पह्यलेच माहीत होतं."

हे त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. म्हणूनच अश्वजितला खोटं बोलता आलं नाही. "थोडंफार माहीत होतं," तो म्हणाला. "बादलभाऊनं कार्ड सांगतलं, म्या हो म्हणलं. पोरंही कार्डच मांगते. म्या कोणाले कधी अडवलं नाही. माही चूक हाय."

"चूक नाही म्हणत मी," नेमसिंग म्हणाले. "मालकानं सांगतलं का ड्रायव्हर बोलत नाही. मीही किती वेळा बोललो नाही. पण गाडी ड्रायव्हरले चालवा लागते, मालकाले नाही. आता बोल. काय लावाचं?"

मग त्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून अश्वजितनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. कार्ड मधलं घेतलं तरी त्यांच्या स्क्रीनला पुरून उरतं. त्यापेक्षा प्रोसेसर असा घ्यावा की ज्याच्या पोटातच जास्तीची कॅश मेमरी असते. लागणारी माहिती दर वेळी लांबून आणावी लागत नाही, हाताशीच असते, आणि अशा गर्दीच्या खेळात त्याचाच उपयोग. रॅम एका पट्टीऐवजी दोन पट्ट्यांत. आणि खेळाचा आकडा शंभर करायचा नाही. साठवर बांधून टाकायचा, म्हणजे कमीजास्त होत नाही. नेमसिंग प्रत्येक गोष्टीला एक प्रश्न विचारायचे. गरम किती होते? उन्हाळ्यात तांड्यावर बेचाळीस-चव्वेचाळीस जाते, तवा? पंखा आवाज किती करते? लाइट गेली तर? अश्वजितनं आजवर विकलेल्या एकाही मशीनबद्दल कोणी इतके बरोबर प्रश्न विचारले नव्हते. एका-दोनांची उत्तरं त्याला तिथंच मोबाईलवर शोधावी लागली, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही, उलट बरं वाटलं.

राहिला होता बादल.

त्याला फोन लावला तो नेमसिंगांनीच, स्पीकरवर. बादलनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बा, तुम्ही तडजोड नका करू. मोठंच कार्ड ठेवा. सगळे व्हिडिओवाले तेच सांगते."

"व्हिडिओवाल्यानं माया चौकातून गाडी काढली काय?"

"तसं नाही, बा. कार्ड बारकं घेतलं तर चित्र हलकं दिसन."

"मले चित्र कमी चालन. रस्ता बरोबर पायजे."

मग बादल हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही मले शिकवतानी कधी हलकं घेतलं नाही. पुस्तकं नवी, कॉम्प्युटर नवा. म्या घेतानी हलकं कसं घेऊ?"

अश्वजित उगाच उठला आणि काउंटरवरचे स्क्रू डबीत भरायला लागला. नेमसिंगांनी फोन हातात घेतला, स्पीकर तसाच राहिला.

"ऐक, बादल. हलकं नाही घेत मी. जोडीचं घेतो. तू मायासाठी सगळ्यात मोठं पाह्यलं, ते मले समजलं. आता मायासाठी मलेही पाहू दे. ट्रायल म्या मारली हाय."

"पक्कं?"

"पक्कं. आन हा अश्वजित हाय ना, त्यानं मशीनीतून रेघा काढून दाखवल्या. तुले पाठवते म्हणते. तू शिकलेला हायस, तुले समजन."

रेघांचे फोटो पुण्याला गेले. संध्याकाळी बादलचा मेसेज आला, अश्वजितच्या मोबाईलवर. 'भाऊ, बा बरोबर म्हणून राह्यले. मी आठ दिवस व्हिडिओ पाहिले, मला हे दिसलं नाही. त्यांच्या मनासारखं करा.' अश्वजितनं तो मेसेज दोनदा वाचला.

बदली माल आणायला तो पार्सलवर न विसंबता स्वतः नागपूरला गेला. डीलरच्या काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "मोठं कार्ड परत करता? लोक बारकं परत करून मोठं नेते!" अश्वजितनं त्याला सगळी हकिकत सांगितली. आरशातली उडी, कॅलेंडरचं पान, 'आता... आता' म्हणणारा ड्रायव्हर. तो माणूस ऐकता ऐकता बिल करायचं विसरला. "असा ट्रायलवाला मले पायजे होता," म्हणाला.

शनिवारी दुपारी अश्वजित स्वतःच्या मोटारसायकलवर मशीन बांधून तांड्यावर गेला. हायवे सोडून कच्च्या रस्त्यानं दोन किलोमीटर. नेमसिंगांचं घर सिमेंटचं, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीजवळ टेबल आधीच रिकामं करून ठेवलेलं, आणि टेबलामागं भिंतीपासून वीतभर जागा सोडलेली. "गरम हवा जाले जागा लागन म्हणाला होता तू," नेमसिंग म्हणाले.

मोतीबाई, नेमसिंगांच्या पत्नी, दारात सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. त्यांनी अश्वजितला पाणी दिलं, चहा दिला, पण त्या टेबलाकडं फारशा पाहत नव्हत्या. लेकानं बापाला खेळणं आणून दिलं आणि बाप त्यासाठी पुन्हा पुन्हा एसटीनं हिंडला, यात पाहण्यासारखं काय होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्या नवऱ्याशी त्यांच्या गोर या बंजारा बोलीत काहीतरी बोलल्या. अश्वजितला अर्धंच समजलं, पण त्यातलं 'पोरगं' समजलं आणि ते पोरगं म्हणजे आपण नव्हतो, काका होते, हेही समजलं.

मशीन सुरू झाली. नेमसिंगांनी स्टूल पुढंमागं केलं, पाटी सरकवली, आरसे लावले. निघाले. हायवे, पाऊस, मग गाव. चौक आला तेव्हा अश्वजित आरशाच्या चौकोनाकडं झुकला. नेमसिंगांनी आरशात पाहिलं. मागून एक पांढरी व्हॅन येत होती. ती येत राहिली, जवळ आली, बाजूला झाली, निघून गेली. पाण्यावरून होडी जावी तशी.

नेमसिंगांनी गिअर बदलला. दुसरा चौक आला. तिसरा. मग त्यांनी उजव्या हातानं, नजर रस्त्यावरून न काढता, बाजूचा चहाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि परत ठेवला.

"बेटा," ते म्हणाले, "गाडी बनवली तू."

अश्वजितला आजवर पुष्कळांनी मस्त, झकास, एक नंबर म्हटलं होतं. हे त्यातलं नव्हतं. त्याला एकदम उभं राहावंसं वाटलं, आणि तो उभाच होता.

गोदाम आलं. ट्रेलर मागं घेऊन दोन भिंतींच्या मधल्या अरुंद जागेत लावायचा होता. हे टाळायचं असेल तर टाळायची सोय खेळातच होती. एक बटण दाबलं की गाडी आपोआप लागते. अश्वजित स्वतः तेच बटण दाबायचा, कारण लांब ट्रेलर मागं घेताना स्टिअरिंग डावीकडं वळवलं की ट्रेलर उजवीकडं जातो आणि माणसाचा मेंदूच उलटा होतो. "बटण हाय काका, इथं," त्यानं दाखवलं.

"बटण कायले?" नेमसिंग म्हणाले. त्यांनी गाडी थोडी पुढं घेतली, तिरकी केली. क्लच, गिअर. डावा आरसा, उजवा आरसा, पुन्हा डावा. स्टिअरिंगवर हात इतका हलका की फिरतोय की नाही ते कळेना. ट्रेलर मागं सरकला, वळला, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून सरळ झाला आणि एकदाही पुढं न घेता फलाटाला जाऊन टेकला.

दारातल्या सुपाचा आवाज कधी थांबला होता, ते दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मोतीबाई टेबलामागं येऊन उभ्या होत्या.

चौतीस वर्षं त्यांनी या माणसाला जाताना आणि येताना पाहिलं होतं. पंधरा दिवसांतले बारा दिवस तो नसायचा. यायचा तेव्हा अंगाला डिझेलचा वास, डोळे लाल, जेवण झालं की झोप. ट्रक शेठचा, घरच्या बाईमाणसाला त्यात बसवायची मुभा नव्हती. मधल्या बारा दिवसांत तो काय करतो ते त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. गाडी चालवतो, एवढंच.

"हे असंच करत होते काय तुम्ही?" त्यांनी विचारलं. अश्वजित होता म्हणून असेल, पण मराठीत विचारलं. "इकडे पाहाचं, तिकडे पाहाचं, हातही, पायही... दिवसभर?"

"रातभरही," नेमसिंग म्हणाले.

मोतीबाई स्क्रीनवरच्या त्या अरुंद जागेकडं पाहत राहिल्या. मग नवऱ्याच्या हाताकडं पाहिलं. "मले वाटे, नुसतं बसून राहा लागते," त्या म्हणाल्या. पदरानं त्यांनी हात पुसले. ते कोरडेच होते.

नेमसिंगांनी पायानं बाजूची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, आपल्या शेजारी, डाव्या अंगाला, क्लीनर बसतो त्या जागी.

"आव, बेस," ते म्हणाले.

मोतीबाईंनी एकदा अश्वजितकडं पाहिलं, मग बसल्या. आधी खुर्चीच्या कडेवर, मग नीट मागं टेकून. नेमसिंगांनी पुढच्या मालाची यादी उघडली. नकाशावर परक्या देशांतल्या गावांची नावं उमटली, लहान मोठे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा.

"कुठं जाचं?" त्यांनी बायकोला विचारलं.

मोतीबाईंना ती अक्षरं वाचता येत नव्हती. त्या पुढं वाकल्या, नकाशा नीट पाहून घेतला आणि सगळ्यात लांबच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.